सुट्टीत मी मोडी शिकणार आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन आठवडे आपल्या पत्रांच्या सदरात कॉलेजच्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करावं, यावर पत्रं येत आहेत. बहुतेक पत्रं पालकांची किंवा निवृत्त शिक्षकांची आहेत. कोणी इंटर्नशिप करा म्हणतं, कोणी संगणकाचा कोर्स, कोणी पोहायला शिका. आईने प्रत्येक पत्र मला स्वयंपाकघरातून मोठ्याने वाचून दाखवलं. ज्यांच्याविषयी हे सगळं चाललं आहे त्यांच्यापैकी एकीनेही लिहावं, असं वाटलं म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. कापावं लागलं तर सुरुवातीचं कापा, पण शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मी कारेलीबागेत राहते. आर्ट्‌स फॅकल्टीत बी.ए.चं पहिलं वर्ष यंदा संपलं. इतिहास हा मुख्य विषय. शेवटचा पेपर गेल्या शुक्रवारी झाला.

फॅकल्टीचा तो मोठा घुमट मी लहानपणापासून बाहेरून बघत आले. बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून सयाजीगंजातून जाताना तो दिसला की स्टेशन आलं, एवढंच मला कळायचं. १८८१ साली बडोदा कॉलेज म्हणून जे सुरू झालं त्याची ही इमारत, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. पहिल्या दिवशी घुमटाखाली उभी राहिले, मान वर केली आणि पारव्यांचा आवाज ऐकत राहिले. आपल्याला इथे बसायला जागा मिळाली आहे, हे खरंच वाटेना.

मग वर्ग सुरू झाले. माझी शाळा गुजराती माध्यमाची, घर मराठी आणि विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी. पहिले दोन महिने मला तासाला काय चाललंय ते अर्धंच कळायचं. सर बोलायचे त्यातला जो शब्द कानाला पकडता येईल तो मी गुजराती अक्षरांत लिहून घ्यायचे, त्याचा अर्थ घरी येऊन बाजूला मराठीत लिहायचे आणि स्पेलिंग शोधून खाली इंग्रजीत. त्या वेळची वही मी जपून ठेवली आहे. एकेका ओळीत तीन लिप्या आहेत. माझ्यासारख्या वर्गात निदान पंधरा जणी होत्या. कोणी हात वर करून ‘सर, समजलं नाही’ म्हणत नव्हतं. अमरेली जिल्ह्यातली एक मुलगी होस्टेलला राहते. ती आणि मी रोज कडुलिंबाखालच्या बाकावर बसून दोघींच्या वह्या जुळवायचो. तिला सुटलेलं माझ्याकडे असायचं, मला सुटलेलं तिच्याकडे. पहिल्या सेमिस्टरला मी पास झाले ते त्या बाकामुळे. पुढच्या वर्षी येणाऱ्या गुजराती आणि मराठी माध्यमाच्या मुलींना एवढंच सांगेन की पहिल्याच आठवड्यात अशी एक जोडीदारीण शोधा.

पण मला लिहायचं आहे ते पुराविषयी आणि आमच्या पेटीविषयी.

कॉलेज सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. २६ ऑगस्ट २०२४, सोमवार, गोकुळाष्टमी. त्या दिवशी किती पाऊस पडला आणि नंतर विश्वामित्री नदीने काय केलं ते बडोद्यात कोणाला सांगायची गरज नाही. आमचं टेनामेंट तळमजल्याचं आहे. मंगळवारी पाणी ओट्यावर आलं, मग उंबऱ्यावर, मग घरात. आजीला आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे नेलं. फ्रीज विटांवर चढवला, गाद्या माळ्यावर टाकल्या, बाबांनी गॅसची टाकी वर नेली. माझी नवी पुस्तकं मी सर्वांत आधी उचलली. रात्री दिवे नव्हते. गल्लीत मगर दिसली असं कोणी तरी ओरडलं, म्हणून खाली कोणी उतरेना. पाणी ओसरायला दोन दिवस लागले. सगळीकडे चिखल आणि तो वास, जो अजून पावसाळी हवा पडली की मला येतो.

तिसऱ्या दिवशी आजी खाली आली. तिने टीव्हीची चौकशी केली नाही, फ्रीजची केली नाही. म्हणाली, “पलंगाखालची पेटी काढलीत ना?”

काढली नव्हती. आमच्यापैकी एकालाही तिची आठवण झाली नव्हती.

ही पत्र्याची हिरवी पेटी आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरातून आलेली. ते घर विकलं तेव्हा मी चार वर्षांची होते. पेटीत ‘जुने कागद’ आहेत एवढंच आम्हाला ठाऊक. आजोबा होते तोपर्यंत ते दसऱ्याला ती उघडायचे, वरून हळदकुंकू वाहायचे आणि बंद करायचे. आत काय आहे असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “माझ्या आजोबांचा हात आहे.” हात म्हणजे हस्ताक्षर, हे मला त्या वयात कळलं नाही. मला भीती वाटली होती.

पेटी उघडली तेव्हा आत बोटभर पाणी होतं. वर आजोबांच्या स्वतःच्या डायऱ्या, १९६० नंतरच्या. खाली लाल कापडात बांधलेले दोन चोपडे आणि सुट्या कागदांचा एक गठ्ठा. डायऱ्या आजोबांनी निळ्या शाईच्या पेनने लिहिल्या होत्या. त्या शाईचं पाणी झालं होतं. पानंच्या पानं फिकट निळी, जणू धुवायला टाकलेल्या चादरी. एक अक्षर वाचता येत नव्हतं. आणि खालचे चोपडे, जे त्याहून साठ-सत्तर वर्षांनी जुने, त्यातली काळी अक्षरं जशीच्या तशी. कडेला थोडी पसरली होती, तेवढंच. जुनी शाई काजळीची असायची आणि काजळी पाण्यात विरघळत नाही, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की आजोबा गेले आणि त्यांचे आजोबा राहिले. आजी निळी पानं मांडीवर घेऊन बराच वेळ बसून होती.

त्या दिवशी आम्ही चुका केल्या. त्या सांगते, कारण पाऊस पुन्हा येणार आहे आणि अशा पेट्या पुष्कळ घरांत आहेत. आम्ही चोपडे कडक उन्हात वाळत घातले. कागद वाकडा झाला आणि कडा पापडासारख्या मोडायला लागल्या. चिकटलेली पानं मी ओढून सुटी केली, त्यात तीन फाटली. दोन पानांवर मी इस्त्री फिरवली. फाटलेल्यांना सेलोटेप लावली, ती आता पिवळी पडते आहे आणि काढायला गेलं तर अक्षरासकट निघते. खरं म्हणजे भिजलेला कागद सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवायचा. मध्ये कोरा, शाई नसलेला टिपणारा कागद घालायचा आणि तो बदलत राहायचा. वर्तमानपत्राचा कागद घालू नये, त्याची शाई लागते. चिकटलेली पानं जबरदस्तीने सोडवायची नाहीत. आणि दोन दिवसांत सुकणार नसेल तर पिशवीत घालून थेट फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे बुरशी धरत नाही आणि सवडीने सुकवता येतं. आमचा फ्रीज विटांवर सुखरूप होता. वीज आल्यावर त्यात बर्फाशिवाय काहीही नव्हतं. हे ज्ञान तेव्हा असतं तर ती तीन पानं आज शाबूत असती.

बाकीचे कागद सुकले. मी ते उघडून पाहिले आणि मला एकही शब्द वाचता आला नाही. मोडी. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ आणि तिला लोंबकळणारी, एकमेकांत अडकलेली अक्षरं. शब्द कुठे संपतो ते कळेना. गुजरातीत अक्षरांच्या डोक्यावर रेघच नसते, मराठीत आपण शब्द लिहून मग रेघ देतो. इथे रेघ आधी आणि अक्षरं मागाहून. मी इतिहासाची विद्यार्थिनी, तीन लिप्या येणारी, आणि घरातला एकुलता एक इतिहास माझ्या मांडीवर बंद.

जानेवारीत दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला एक काम मिळालं. एखादं अस्सल साधन, म्हणजे त्याच काळात लिहिलेला कागद, शिलालेख, नाणं, जे मिळेल ते घ्यायचं आणि त्याच्याबद्दल चार पानं लिहायची. वर्गातल्या बहुतेकांनी छापील फर्मानांची भाषांतरं घेतली. मी बाईंना म्हटलं, माझ्याकडे घरचा चोपडा आहे, पण वाचता येत नाही. बाई म्हणाल्या, “मग वाचणारा माणूस शोध. तेही इतिहासाचंच काम आहे.”

वाचणारा माणूस शोधायला मला पाच आठवडे लागले. एका कचेरीत गेले, तिथे उत्तर मिळालं की मोडी वाचणारं आता इथे कोणी नाही. दोघे जण असे भेटले की त्यांच्या वडिलांना येत होती. एका बाईंच्या सासऱ्यांना येत होती, ते दिवाळीत गेले. आजीने तिच्या भजनी मंडळात विचारलं, तिथून कोणाच्या तरी मामांचा पत्ता मिळाला. रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर, ८६ वर्षांचे एक गृहस्थ. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणते. मोडी ते वडिलांकडून शिकले. वडील गायकवाड सरकारच्या नोकरीत होते.

पहिल्या रविवारी नानांनी चोपडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि मला म्हणाले, “ही रोजकीर्द आहे, बाळ. रोजचा जमाखर्च. यात लढाया सापडायच्या नाहीत.” मग त्यांनी मला एक कोरा कागद दिला, पट्टीने नव्हे तर हाताने आडवी रेघ मारायला लावली आणि सांगितलं, “आता हात उचलायचा नाही.” मोडीची सगळी गोम यात आहे. लिहिणाऱ्याला घाई असे, बोरू पुन:पुन्हा उचलला की वेळ जाई, म्हणून अक्षरं अशी वळवली की एकातून दुसरं निघावं. आपण काना वरून खाली ओढतो. मोडीत तो खालून वर जातो आणि रेघेला मिळतो, की लगेच पुढचं अक्षर सुरू. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसतात. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. नानांनी मला लिहून दाखवलं: ‘तीनदीपारकरून’. म्हणाले, वाच. मी वाचलं, ती नदी पार करून. ते म्हणाले, “आणि लिहिणारा बडोद्याचा असेल तर? तीन दी पार करून!” दी म्हणजे गुजरातीत दिवस. दोन्ही बरोबर. मागचापुढचा मजकूर बघितल्याशिवाय ठरवता येत नाही.

मी वाचलेला पहिला शब्द मला तारखेसकट आठवतो, २ मार्च. नानांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतः गप्प बसले. मला एवढं दिसलं की एकच झोका तीनदा वर जातो आहे, लाटेसारखा, तीन काने. पहिली दोन अक्षरं सारखी. बा, बा. मग तिसरं वेगळं, त्यालाही काना. शा. आणि शेवटी वेलांटीची गाठ. मी म्हटलं, “बाबाशाही?” नानांनी मांडीवर थाप मारली.

बाबाशाही रुपया म्हणजे गायकवाडांचं नाणं. एकोणिसावं शतक संपता संपता ते बंद होऊन इंग्रजी रुपया आला. मी लगेच म्हटलं, म्हणजे हा चोपडा १९०० च्या आधीचा. नाना म्हणाले, थांब. नाणं गेलं तरी नाव माणसांच्या तोंडात राहतं. माझी आई पन्नास वर्षांनीसुद्धा आण्यांत हिशेब करायची. एका शब्दावरून साल ठरवू नकोस. आम्ही पानं उलटत गेलो. चौथ्या की पाचव्या पानावर डोक्याशी मिती सापडली, शके १८२१. त्यात ७८ मिळवले की १८९९. तेव्हा मी ‘बाबाशाही’समोर वहीत बरोबरची खूण केली.

१८९९ म्हणजे विक्रम संवत १९५६ लागलं ते वर्ष, गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात तो दुष्काळ. पुस्तकात मी तो अर्ध्या पानात वाचला होता. आमच्या घरी सांगतात त्याप्रमाणे आजोबांचे आजोबा तेव्हा कडी प्रांतात एका वहिवाटदार कचेरीत कारकून होते, म्हणजे आजच्या उत्तर गुजरातेत. रोजकिर्दीत दुष्काळ हा शब्द कुठेही नाही. मी आणि नानांनी तो शोधला. जे आहे ते असं. बाजरी, रोज, आणि तिच्यापुढचा आकडा पानागणिक चढता. तेल. दिव्याचं तेल वेगळं. एका ठिकाणी पोस्टाचं तिकीट. आणि ‘गवत’. रोज गवत. कधी चार आणे, म्हणजे एक उभी रेघ, कधी दोन रेघा, आठ आणे. बारा पानं रोज गवत आहे. तेराव्या पानापासून नाही. बाजरी आहे, तेल आहे, गवत नाही, आणि मग चोपडा संपेपर्यंत एकदाही नाही.

मी नानांना विचारलं, गाय मेली का? त्या वर्षी चाऱ्यावाचून गुजरातेत गुरं मोठ्या संख्येने गेली, हे मी वाचलं होतं. नाना बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मग म्हणाले, “मेली असेल. विकली असेल. कोणाला दिली असेल. कागदात नाही ते लिहू नकोस.” मी घरी येऊन आजीला विचारलं, आपल्याकडे कधी गाय होती का? तिला माहीत नव्हतं. बाबांना माहीत नव्हतं. बारा पानं ज्या जनावराला रोज गवत मिळालं त्याची आमच्या घरात सव्वाशे वर्षं कोणाला आठवण नव्हती, आणि ते सगळा वेळ पलंगाखाली होतं. अमरेलीच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती गप्प झाली. म्हणाली, आमच्याकडे ताटात टाकलं तर आजी अजून छप्पनियाचं नाव घेते.

माझी चार पानं लिहून झाली. बाईंनी शेवटी शेरा दिला, ‘पुढे वाच’. एवढाच. वर्षभरात मिळालेला सर्वांत आवडता शेरा.

म्हणून सुट्टीचं माझं ठरलं आहे. पण ते सहज ठरलं नाही. बाबा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नोकरी करतात. त्यांची इच्छा मी कॉमर्सला जावं अशी होती, आणि आता निदान सुट्टीत टॅलीचा कोर्स करावा अशी आहे. पुण्याचा माझा आतेभाऊ फोनवर म्हणतो, डेटाचं काही तरी शीक, मोडी वाचून कोण पगार देणार? हा प्रश्न चुकीचा नाही. माझ्या वर्गातल्या चौघी जणी सुट्टीत नोकरी करणार आहेत, दोघींना ती करावीच लागणार आहे, एकीला पहिल्याच वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन थांबायचं आहे म्हणून सुट्टीतला चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स करणं भाग आहे. त्यांनी छंद म्हणून काही शिकावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मीही संध्याकाळी गल्लीतल्या पाच मुलांच्या शिकवण्या घेणार आहे, दुसऱ्या वर्षाची पुस्तकं त्यातून येतील. पण सकाळ माझी आहे. नाना ८६ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. टॅली मला पुढच्या वर्षीही शिकता येईल. नानांकडून शिकायचं तर ते आताच.

माझ्या वयाच्या मुलांना असं वाटतं की लिपी ही लहानपणीच शिकायची गोष्ट आहे, आता नवीन अक्षरं गिरवायचं वय गेलं. मलाही वाटायचं. या सेमिस्टरला आम्ही सयाजीराव महाराजांवर वाचलं. १८७५ साली कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक म्हणून बडोद्याला आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. बाराव्या वर्षी त्याने पहिलं अक्षर गिरवलं. त्याच मुलाने पुढे १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हे आपल्या शहरात पहिलीतल्या मुलालाही पाठ असतं. पण बारा वर्षांचं मूल राजवाड्यात बसून, आजूबाजूला सगळे आपल्याकडे बघत असताना ‘अ’ काढतं आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं ते नानांसमोर माझा हात रेघेवरून घसरला तेव्हा.

आणि हे शहर या कामासाठी परकं नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवायचं आणि राजपुत्रांना शिकवायचं, हे त्यांचं काम. राजपुत्रांना शिकवण्यासाठी म्हणून त्यांनी इतिहासाची जी टिपणं केली त्यातून ते इतिहासकार झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. मोडी वाचता येत नसती तर त्यातलं एक पानही निघालं नसतं. मोठ्या दप्तरांतले कागद निदान सरकारच्या ताब्यात आहेत, त्यांना कपाट आहे, यादी आहे. आपल्या घरांतल्या कागदांना काहीच नाही. दांडिया बाजार, रावपुरा, घी काँटा इथली जुनी घरं एकामागून एक पडत आहेत आणि फ्लॅट होत आहेत. माळा रिकामा करताना पहिली जाते ती पस्ती, म्हणजे रद्दी. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने पुरानंतर दोन पोती भिजलेले चोपडे पस्तीवाल्याला दिले. त्यांना दोष देत नाही. घरात चिखल होता, वास येत होता, आणि काय लिहिलंय ते कोणाला वाचता येत नव्हतं. वाचता न येणारा कागद किती दिवस सांभाळणार? आम्हीही तो सांभाळला तो आजोबांच्या हळदकुंकवामुळे.

२०१८ साली ९१वं साहित्य संमेलन आपल्या शहरात भरलं तेव्हा मी सहावीत होते. आजीने मला नेलं होतं. इतकी मराठी माणसं एका मांडवात मी पहिल्यांदा पाहिली. तेवढा मांडव मला नको आहे. मला एक खोली हवी आहे.

तर विनंती अशी. आपल्या शहरात ज्या मराठी संस्थांकडे स्वतःची जागा आहे त्यांपैकी कोणी मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ एक खोली द्यावी. नंतर ऊन फार होतं आणि वयस्कर माणसांना जिने चढवत नाहीत, म्हणून तळमजला असेल तर उत्तम. फी नको, फळा असला तर बरं. नाना आठवड्यातून तीन दिवस यायला तयार आहेत, त्यांना रिक्षाने आणायचं आणि पोचवायचं मी करीन. माझ्या वर्गातल्या सहा जणी येणार आहेत, त्यात दोघी गुजराती आहेत. त्यांच्या घरी मोडी नाही, पण गायकवाडी दप्तरं वाचायची असतील तर ही लिपी लागणार हे त्यांना पटलं आहे. पुण्यात मोडीचे वर्ग नेमाने चालतात. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, म्हणजे आता ती संगणकावरही लिहिता येते. ते सगळं आम्ही शिकूच. पण एखाद्या माणसाचा हात वाचायला दुसऱ्या माणसाजवळ बसावं लागतं, हे मी चार महिन्यांत पाहिलं.

आणि ज्यांना मोडी येते, अर्धवट का होईना, अशा आजी-आजोबांनी कृपा करून कळवावं. “मला आता आठवत नाही” असं नानाही पहिल्या दिवशी म्हणाले होते. पहिल्या पानावर अडखळले, दुसऱ्यावर नाही.

ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते आम्हाला द्यावेत असं मी म्हणत नाही. ते तुमचे आहेत, तुमच्याकडेच राहावेत. फक्त एक दिवस घेऊन या. आपण फोटो काढू, पहिली ओळ वाचू आणि ते काय आहे तेवढं एका चिठ्ठीवर मराठीत लिहून वर ठेवू: रोजकीर्द, शके अमुक, घराचं खत, लग्नाचा आहेर, आईचं पत्र. पुढच्या पुरात पेटी उचलायची का नाही, हे मग घरातल्या कोणालाही ठरवता येईल.

माझं नाव छापू नये ही विनंती. पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, येणारी पत्रं तिथूनच मला मिळतील. कागद आणताना प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, उन्हाने आत घाम धरतो. जुनं, धुतलेलं सुती फडकं घ्या आणि त्यात सैलसर गुंडाळा.

आपली,
प्रथम वर्ष बी.ए.ची एक विद्यार्थिनी
कारेलीबाग, बडोदे